तूप, कोळसा आणि ‘वाजवी’ दर : एका निकालपत्राचं वाचन

मंडळी, आज एखादा ग्रंथ वाचावा तसं आपण एक निकालपत्र वाचणार आहोत. मी वकील नाही, तत्त्वज्ञान शिकवत आलो. पण वीजदराचे खटले चालवणारी वकील मंडळी दिवसभर ‘वाजवी’ या एका शब्दाची उलटतपासणी करतात, आणि तो शब्द आमच्याही दुकानातला आहे.

२००३ च्या विद्युत कायद्याचं कलम ६१ बघा. ग्राहकाचं हित जपा आणि त्याच वेळी विजेचा खर्च वाजवी रीतीने वसूल होऊ द्या, असं तिथे आयोगांना सांगितलंय. कंपनीचा वकील उत्तरार्ध वाचतो, ग्राहकाचा पूर्वार्ध. ‘त्याच वेळी’ हे शब्द वाचायचं काम उरतं आयोगाकडे.

आता मुंद्रा. अदानी आणि टाटा यांनी स्पर्धात्मक निविदांतून दीर्घ मुदतीचे करार केले. कोळसा इंडोनेशियाचा. २०१० मध्ये त्या देशाने निर्यातीची किंमत जागतिक बाजाराशी बांधली आणि स्वस्त कोळसा संपला. केंद्रीय आयोगाने भरपाईचा दर दिला. अपिलीय न्यायाधिकरणाने तर २०१६ मध्ये ही दैवी आपत्तीसारखी, कराराबाहेरची अडचण मानली. ११ एप्रिल २०१७ रोजी ‘एनर्जी वॉचडॉग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं पुसलं. निकाल न्या. नरिमन यांनी लिहिलेला.

त्यातला ‘अशक्य’ आणि ‘महाग’ यांतला भेद मला फार पटतो. आधाराला १९६० चा अलोपी प्रसाद खटला आहे, सैन्याला तूप पुरवण्याचा! महायुद्धात खर्च वाढला म्हणून करार मोडत नाही, तसाच कोळसा महागला म्हणूनही नाही. परदेशी कायद्यातला बदल हा करारातला ‘कायद्यातील बदल’ नव्हे, हेही व्याख्या नीट वाचून ठरवलंय. (देशी कोळशाच्या धोरणातल्या बदलाला मात्र सवलत दिली, हे सांगितलं पाहिजे.)

माझी तक्रार वेगळी आहे. निकाल हा करार दोघांमधलं वचन म्हणून वाचतो. पण वचनाची किंमत तिसराच मोजतो, बिल भरणारा. कंपनीने तोटा सोसत वीज दिली नाही, तर त्याचं काय? कलम ६१ मधलं ‘त्याच वेळी’ इथे कसोटीला लागायला हवं होतं. ते निसटलं.

आणि पुढे काय झालं? मे २०२२ मध्ये विजेची टंचाई होती. केंद्र सरकारने कलम ११ वापरून आयात कोळशावरचे प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवायला सांगितले, आणि वाढलेला इंधनखर्च दरात धरायची सोय केली. करारातून जे मिळालं नाही, ते असाधारण परिस्थितीच्या कलमातून आलं. तर्काच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, मान्य. पण मुंद्र्याची वीज महाराष्ट्रही घेतो. घरी गेलात की बिलावरची ‘इंधन समायोजन आकार’ ही ओळ शोधा. वीजखरेदीचा वाढीव खर्च त्याच वाटेने आपल्या घरात येतो.