एकभाषितापासून संवादापर्यंत: जेरी साइनफेल्डची विनोददृष्टी

अमेरिकन विनोदकार जेरी साइनफेल्ड (जन्म १९५४) याच्या कारकिर्दीचे वर्णन बहुधा चढत्या क्रमाने केले जाते. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबांत सुरुवात, १९८१ मध्ये जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात प्रवेश आणि १९८९ ते १९९८ या काळात एनबीसी वाहिनीवर 'साइनफेल्ड' ही १८० भागांची मालिका, हे टप्पे वस्तुस्थितीला धरून आहेत; परंतु त्यांतून वाङ्मयीन प्रश्नाला उत्तर मिळत नाही. एका 'मी'च्या भाषणावर उभा असलेला विनोद अनेक पात्रांच्या संहितेत जातो, तेव्हा त्या 'मी'चे काय होते, हा तो प्रश्न होय.

स्टँडअपचा रूपबंध एकभाषितात्मक आहे. एकपात्री प्रयोगातला नट अनेक पात्रे उभी करतो; येथे बोलणारा स्वतःच्याच नावाने बोलतो. विमानप्रवास, धुलाईत हरवणारा मोजा अशा क्षुल्लक बाबी हे साइनफेल्डचे द्रव्य. निरीक्षण काटेकोर, भाषा शिवराळपणापासून दूर. मात्र या निरीक्षणाला प्रत्युत्तर नसते. श्रोत्याने मध्येच टोकले तरी ध्वनिवर्धक विनोदकाराच्याच हाती राहतो. निरीक्षकाला आपल्या हसण्याची किंमत मोजावी लागत नाही.

लॅरी डेव्हिड या दुसऱ्या स्टँडअप विनोदकारासह मालिका रचताना, विनोदकाराला त्याचे द्रव्य कसे सापडते हे दाखवण्याची मूळ कल्पना होती, असे साइनफेल्डने पुढे सांगितले आहे. 'कशाविषयीही नसलेली मालिका' हे बिरुद १९९२ च्या 'द पिच' या भागातले, म्हणजे कथेच्या आतला एक विनोद आहे. मालिकेचे तत्त्व म्हणून ते स्वीकारले गेले आणि मूळ रचनातत्त्व झाकले गेले. क्लबात एकट्याच्या मालकीचे असलेले निरीक्षण येथे जॉर्ज, इलेन आणि क्रेमर यांच्यात वाटले जाते. १९९१ च्या 'द चायनीज रेस्टॉरंट'मध्ये तिघे जण केवळ टेबलाची वाट पाहतात. रंगमंचावर दोन मिनिटांत संपेल असा हा विषय. परंतु प्रत्येकाची निकड निराळी असल्यामुळे निरीक्षणाचे रूपांतर संघर्षात होते. बाख्तिनच्या परिभाषेत, एकस्वरी उक्ती बहुस्वरी होते.

नट म्हणून साइनफेल्डच्या मर्यादा उघड आहेत. इतर पात्रे प्रसंगात बुडालेली असताना त्याच्या ओठांवर हसू रेंगाळते. तथापि, या मर्यादेलाच संहितेत कार्य मिळाले आहे: तो अर्धा पात्र आणि अर्धा निवेदक राहतो. आरंभीच्या पर्वांत भागाच्या आगेमागे येणारी क्लबातली भाषणे हे निवेदकत्व सांभाळत होती. १९९६ मध्ये डेव्हिड बाहेर पडल्यावर आठव्या पर्वापासून ही चौकट गळाली. पात्रांचा उच्छाद वाढला, पण त्याकडे पाहणारी नजर नाहीशी झाली.

डेव्हिडनेच लिहिलेल्या १९९८ मधील अखेरच्या भागाचे महत्त्व यात आहे. एका माणसाची लूट होत असताना हे चौघे मदत न करता त्याची टर उडवतात आणि त्याबद्दल त्यांना वर्षभराची शिक्षा होते. अनेक प्रेक्षकांना हा शेवट रुचला नाही. रचनेच्या दृष्टीने मात्र तो अटळ आहे. निव्वळ पाहणे आणि हसणे, ही जी स्टँडअपची मूळ भूमिका, तीच येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे. शेवटी साइनफेल्ड कैद्यांपुढे विनोद सादर करतो. एक कैदी त्याला धमकावतो आणि पहारेकरी त्याचा कार्यक्रम थांबवतो. ध्वनिवर्धकाची सत्ता प्रथमच संपते.

यानंतर साइनफेल्ड पुन्हा एकट्याच्या मंचाकडेच वळला. २००२ च्या 'कॉमेडियन' या माहितीपटात तो जुने द्रव्य टाकून नव्याची जुळवाजुळव करताना दिसतो. कारागिराची ही निष्ठा आदरास पात्र आहे. परंतु हसणाऱ्यालाही जाब विचारता येतो, ही संवादी रूपाने दिलेली जाणीव त्या मंचावर टिकणे कठीण असते. त्याच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचे मोजमाप म्हणूनच एकट्याच्या भाषणांत नव्हे, तर त्या भाषणाला प्रत्युत्तर देणाऱ्या संहितेत करावे लागते.