न बोलणाऱ्यांचे गहू

बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. इंटरनेट आले तेव्हा पुष्कळ विचारवंतांना वाटले, की आता साऱ्यांचेच गहू बाजारात येतील. ज्याला वर्तमानपत्र नाही, व्यासपीठ नाही, तोही राज्यकर्त्यांशी थेट बोलू लागेल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेन श्रेडी यांच्या 'द रेव्होल्यूशन दॅट वॉझंट' (२०१९) या ग्रंथाने ह्या आशेची कठोर झडती घेतली आहे.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९५९ साली एक कायदा झाला. सरकारी व नगरपालिकांच्या नोकरांच्या संघटनांशी सामुदायिक करार करण्यास तो मनाई करतो. या एका प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या तीसहून अधिक संघटना श्रेडीबाईंनी निवडल्या. त्यांची संकेतस्थळे, फेसबुक, ट्विटर तपासले आणि माणसांनाही प्रत्यक्ष गाठले. निष्कर्ष असा, की सुस्थितीतल्या सभासदांच्या संघटनांचा आवाज मोठा आणि ज्यांच्या पोटाचा हा प्रश्न, त्या कामगारांचा क्षीण. कारणे चार: साधन, कौशल्य, आत्मविश्वास आणि सवड. कृष्णवर्णीय कामगारांच्या मनातली भीती लेखिकेने उलगडून दाखवली आहे, तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. लिहिलेले वरिष्ठांच्या नजरेस पडले तर? ज्याला उद्याच्या भाकरीची धास्ती आहे, त्याने भर चावडीवर आपल्या नावानिशी काय लिहावे?

परंतु ग्रंथाच्या उपशीर्षकात भर आहे तो सनातनी पक्षाला मिळालेल्या लाभावर. त्यामुळे वर्गभेदाचा मूळ मुद्दा काहीसा झाकोळतो. शिवाय त्या चार कारणांत भाषेला स्वतंत्र जागा नाही. आपल्याकडे तिच्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. २०२० साली केंद्र सरकारने पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनासंबंधीच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला, तो इंग्रजी व हिंदीत. ई-मेलने हरकत पाठवण्याची सोय होती. पण जो मसुदाच वाचता येत नाही, त्यावर कोकणातल्या कोळ्याने हरकत ती कसली घ्यावी? अखेर ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या परिशिष्टातील भाषांत त्याचे भाषांतर करावयास सांगितले आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली.

वर्गात हात वर करणारी मुले बहुधा तीच ती असतात. म्हणून प्रश्न फक्त त्यांनाच पडतात, असे कोणताही मास्तर म्हणणार नाही; तो मागच्या बाकाशी जाऊन विचारतो. आलेल्या ई-मेलांची मोजणी करून तिला लोकमत म्हणणाऱ्या सरकारनेही तेवढे चालणे पत्करले पाहिजे. हा ग्रंथ वाचल्यावर, ज्यांची हरकत आली नाही त्यांची संमती आहे, असे धरून चालणे कठीण होते. आणि एका समाजशास्त्रीय ग्रंथाने याहून अधिक काय साधावे?