पलीकडून धरणारा

हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे संत नामदेव शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. २०१५ साली पंजाबात घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा या नात्यावर भाषणंही पुष्कळ झाली. ग्रंथातली त्यांची एकसष्ट पदं उघडून वाचणारे मात्र थोडे. त्यातलं सोरठ रागातलं एक पद माझ्या विशेष आवडीचं, कारण त्यात सुतार आहे आणि मला घरच्या घरी लाकूडकाम करण्याचा नाद आहे. करवतीचा भुसा अंगावर घेऊन ते वाचलं, तर पोथीपुढे बसून जे निसटतं तेही हाती लागतं.

प्रसंग अगदी घरगुती आहे. शेजारीण नामदेवांना विचारते, तुझं छप्पर कुणाकडून शाकारून घेतलंस? मला त्या सुताराचा पत्ता दे, मी दुप्पट मजुरी देईन. नामदेवांची झोपडी जळाली आणि देवानं स्वतः ती पुन्हा उभी करून दिली, अशी कथा या पदामागे सांगतात. पण पदात आग नाही आणि चमत्कारही नाही. आहे ते फक्त तयार छप्पर. बाईनं काम पाहिलंय, कारागीर पाहिलेला नाही. ‘दुप्पट’ या एका शब्दात तिचा सगळा स्वभाव उतरलाय. ती चिकट नाही, चांगल्या कामाला पैसा पडतो हे तिला ठाऊक आहे, आणि पैसा पडला की काम होतं यावरही तिचा तितकाच विश्वास आहे. हिंगोलीत आजही कुणाचा नवा देव्हारा बघितला की पहिला प्रश्न हाच येतो, “मिस्त्री कोण होता हो?” आणि चांगल्या मिस्त्रीचा नंबर देताना माणूस जरा चाचरतो. एकदा नंबर गेला की मिस्त्री आपल्या वाट्याला येत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच.

नामदेवही नंबर देत नाहीत. बाई, हा सुतार कुणाला काढून देता येण्यातला नाही, असं ते म्हणतात. तो सगळ्यात भरून राहिलाय, आणि तो माझ्या प्राणांचा आधार आहे. प्रश्न होता डोक्यावरच्या छपराचा आणि उत्तर आलं पायाखालच्या आधाराचं. हे ध्रुपद असल्यामुळे गाताना प्रत्येक कडव्यानंतर ते परत येतं. म्हणजे शेजारीण वर बघत राहते आणि गाणं तिला दर वेळी खाली बघायला लावतं.

आधार कशाला म्हणतात, हे टेबल सॉवर काम करणाऱ्याला फार लवकर कळतं. मधोमध पातं वर आलेलं लोखंडी टेबल, त्यावरून फळी पुढे ढकलत न्यायची, एवढीच ही मशीन. आठ बाय चारची अठरा मिलिमीटर प्लायची शीट तीस किलोंच्या वर भरते. निम्मी शीट पातं ओलांडून जाईपर्यंत काही वाटत नाही, कारण मशीनचं टेबल वजन पेलत असतं. निम्म्याहून जास्त भाग मागच्या कडेबाहेर गेला की तोल तिकडे जातो. पलीकडचं टोक खाली झुकतं, आपल्याकडचं वर उचलतं. मग माणूस जिवाच्या कराराने ते हातानं दाबून धरतो, आणि नेमके त्याच वेळी त्याचे हात पात्याच्या सगळ्यात जवळ आलेले असतात. त्यात फळी थोडी जरी तिरकी झाली आणि पात्याच्या मागच्या, वर येणाऱ्या दातांत अडकली, तर ती उलट अंगावर येते. याला किकबॅक म्हणतात.

वर्कशॉपमध्ये यावर उपाय म्हणून एक पोरगं पलीकडे उभं असतं. “पलीकडून धर रे” अशी हाक गेली की ते धावतं. ते पोरगं तयार कधी झालं म्हणायचं, याची कसोटी एकच. त्यानं ओढायचं नाही. फळीखाली तळवे ठेवायचे, येईल तेवढी येऊ द्यायची आणि वाट बघायची. नव्या पोराला वाटतं आपण मदत करतोय, म्हणून ते फळी आपल्याकडे खेचतं. तिथंच रेघ हलते, चीर पात्यावर आवळते. ढकलणाऱ्याचं काम ढकलणाऱ्याकडेच राहू देणं हे पेलणाऱ्याचं कसब आहे.

घरी एकट्यानं काम करायचं तर पोरगं कुठून आणणार? म्हणून मशीनमागे टेबल बांधायचं. दिसायला अगदी साधी वस्तू, पण बांधायला घेतली की एकेक गोष्ट पुढे येते. उंची मशीनच्या टेबलाइतकीच हवी असं कुणालाही वाटेल, पण ती दीड-दोन मिलिमीटर कमी ठेवावी लागते. पुढे येणारी फळी स्वतःच्या वजनानं किंचित लवलेली असते, आणि मागचं टेबल केसभर जरी वर असलं तरी ती त्याच्या कडेवर आपटून थांबते. म्हणून ती कडही रंधा मारून उतरती करायची. फळी ठरावीक कोनात धरणाऱ्या मायटर गेजची पट्टी मशीनच्या खाचेतून बाहेर सरकते, तिला पुढे जागा हवी, म्हणून तशाच खाचा मागच्या टेबलावरही पाडायच्या. वर सनमायका चिकटवून मेण चोळायचं, म्हणजे फळी घासत नाही. तयार रोलर स्टँड बाजारात मिळतात, ते मला पसंत नाहीत. रोलर जरासा वाकडा लागला की फळीला आपल्या दिशेनं नेतो, म्हणजे परत ते ओढणारं पोरगंच. पायांना मात्र वरखाली करायचे बोल्ट हवेतच. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर घातलेली फरशी तिच्यासोबत हलत राहते. मृगात नीट लावलेली लेव्हल होळीपर्यंत टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी दोन्ही टेबलांवर आडवी ठेवून खालची फट पुन्हा बघावी लागते.

आणि इतकं करून झालं की हे टेबल कुठंच दिसत नाही. कपाट तयार होतं, बघणारे दाराच्या बिजागऱ्या आणि पॉलिश वाखाणतात. कपाटावर त्या टेबलाची एकही खूण नसते.

हे डोक्यात ठेवून पदाकडे परत गेलो की दुसरं कडवं वेगळं वाटतं. नामदेव व्यवहाराची भाषा सोडत नाहीत. हा सुतार फुकट काम करतो असं ते कुठंही म्हणत नाहीत. तो मजुरी मागतो, फक्त ती प्रीतीत मागतो. शेजारणीचा दर चुकलेला नाही, नाणं चुकलंय. लगेच पुढची ओळ कठोर आहे. लोक, कुटुंब, सगळ्यांपासून जो तोडून घेतो, त्याच्याकडे हा सुतार आपणहून येतो. परंपरेत याचा अर्थ वैराग्य असा लावतात आणि तो बरोबरच आहे. मला त्यात कापाचा शेवटचा क्षणही दिसतो. शेवटच्या इंचापर्यंत फळीचे दोन्ही भाग एकमेकांना धरून असतात. पातं आरपार गेलं की ते सुटतात, आणि तेव्हा पलीकडे काही नसेल तर दोन्ही खाली पडतात. तुटणं आणि पेललं जाणं नामदेवांनी एकाच कडव्यात शेजारी ठेवलंय. नामदेवांच्या मनात करवत होती असा माझा दावा नाही, पण पदात सुतार आणल्यावर तुटण्याची भाषा सहज आली असेल का, हा प्रश्न मनातून जात नाही.

मुक्यानं अमृत चाखलं, त्याला चव सांगता येईना, ही तिसऱ्या कडव्यातली उपमा संतवाङ्मयात जागोजागी भेटते. ती वाचून मी पुढे सरकतो.

चौथ्या कडव्यात खरी गंमत आहे. या सुताराचं वर्णन करता येत नाही असं आत्ताच म्हटलेले नामदेव लगेच म्हणतात, बाई, त्याचे गुण ऐक. आणि मग ते सुतार कसा आहे हे सांगतच नाहीत, त्यानं केलेली कामं सांगतात. मिस्त्रीची शिफारस आपण अशीच तर करतो: अमक्याच्या वाड्याचा जिना त्याचा, तमक्याच्या देवळाचं दार त्याचं. नामदेवांची यादी मोठी आहे. त्यानं समुद्रावर सेतू बांधला, ध्रुवाला अढळ केलं, सीता परत आणली, लंका बिभीषणाला दिली. चारही कामं पुराणातली, सगळ्यांच्या पाठची, म्हणून पदाचा शेवट सैल झाला असं वरवर वाचणाऱ्याला वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. पहिली दोन कामं बघा. सेतूखाली पाणी आहे आणि ध्रुवाखाली तर काहीच नाही. जिथं टेकायला जागाच नाही तिथं या सुतारानं जागा केली. आणि ध्रुव म्हणजे सावत्र आईनं बोल लावून बापाच्या मांडीपासून दूर केलेलं पोर, ते घर सोडून गेलं. बिभीषण भाऊ सोडून, लंका सोडून आला. सगळ्यांपासून तोडणाऱ्याकडे सुतार आपणहून येतो, ही दुसऱ्या कडव्यातली अट या दोघांनी पुरी केलेली होती. नामदेव ती अट पुन्हा बोलून दाखवत नाहीत, नुसती दोन नावं घेतात, आणि नावं घेताना त्यांनी सांगितलं तेही एवढंच, की एकाला ठाव मिळाला आणि दुसऱ्याला लंका.