सणसरचा मुक्काम : सांस्कृतिक धोरणाची एक कसोटी

‘सांस्कृतिक धोरण’ हे शब्द अलीकडे इतक्या वेळा कानांवर पडतात की, त्यांचा नेमका अर्थ काय असे विचारणे हेच काहीसे अशिष्टपणाचे वाटू लागले आहे. तथापि टीकाकारास प्रसंगी असा अशिष्टपणा पत्करावा लागतो. महाराष्ट्र राज्याने २०१० साली सांस्कृतिक धोरण जाहीर केले. त्याचा मसुदा डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सिद्ध केला होता. पुढे डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती बसली, आणि सुधारित धोरणास मंत्रिमंडळाची मान्यता २०२४ साली मिळाली. या दोन्ही प्रयत्नांमागील हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु धोरणाची परीक्षा त्याच्या हेतूवरून करावयाची नसते. ज्यांच्यासाठी ते केले, त्यांच्या गावी जाऊन ती करावी लागते. आम्ही त्याकरिता इंदापूर तालुक्यातील सणसर हे गाव निवडले आहे.

सणसर निवडण्याचे कारण वाचकांच्या सहज ध्यानात येईल. देहूहून निघणारी श्रीतुकाराममहाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून काटेवाडीवरून सणसरास येते व तेथे रात्र काढते. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा पालखीसोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. काटेवाडीस परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळ आपले कळप पालखीभोवती धावते करून मेंढ्यांचे रिंगण पुरे करतात. कळपावर रोगराई येऊ नये अशी त्यामागील श्रद्धा. सणसरच्या मुक्कामानंतर बेलवाडीस अश्वांचे गोल रिंगण होते. थोडक्यात म्हणजे, पाच-सात कोसांच्या या पट्ट्यात ज्यास आपण संस्कृती म्हणतो, ती पुस्तकांत शोधावी लागत नाही. आषाढात ती रस्त्यावरूनच चालत येते.

आता या मेंढ्यांच्या रिंगणाकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू. त्या दिवशी मेंढ्या तेथे असतात कशा? बारामती-इंदापूरकडील धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात, कोकणात राहतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी देशावर परततात. कोकणातील शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो. त्याच्या जमिनीस खत मिळते व धनगरास त्याबद्दल धान्य वा पैका मिळतो. जमीन, जनावर व माणूस या तिघांनीही एकमेकांस पोसावे आणि कोणाचीही झीज होऊ नये, अशी ही रचना आहे. ज्या गोष्टीस आजकाल ‘शाश्वत विकास’ असे भारदस्त नाव दिले जाते, ती गोष्ट आमच्या धनगरांनी नाव न देताच साधली होती. आषाढात पालखी येते तेव्हा कळप गावाकडे आलेले असतात, म्हणून रिंगण होऊ शकते. रिंगणाचा हा सोहळा कळपाच्या वार्षिक फेऱ्यावर उभा आहे, आणि तो फेरा गायरानांवर व पडीक रानांवर उभा आहे.

याच प्रदेशातून १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला. १८७६-७७ च्या दुष्काळाची आठवण ज्यांस आहे ते या कालव्याची निंदा करणार नाहीत. आम्हीही करीत नाही. कालव्याने अन्न दिले, गुऱ्हाळे दिली. पुढे सणसरच्या शेजारी भवानीनगरास श्रीछत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि अनेक घरांतील मुले शिकून शहाणी झाली. परंतु पाण्याबरोबर काही हिशेबही आले. अतिरिक्त पाण्याने जमिनी क्षारपड होतात, हा अनुभव या कालव्याच्या परिसराने फार पूर्वीच घेतला. कालव्याच्या शेपटाकडील इंदापूरच्या गावांची पाण्याविषयीची तक्रार जुनीच आहे. आणि जेथे ऊस उभा राहिला, तेथे मेंढीस तोंड घालावयास रान उरले नाही. हा तिसरा हिशेब मात्र कोणत्याही वहीत मांडला गेला नाही, कारण चराऊ रान कोणत्याच खात्याच्या दृष्टीने ‘संस्कृती’ नव्हते.

आमच्या टीकेचे मर्म येथेच आहे. सुधारित धोरणाच्या कामासाठी दहा विषय वाटून घेण्यात आले होते : कारागिरी, भाषा, साहित्य व ग्रंथव्यवहार, दृश्यकला, गडकिल्ले व पुरातत्त्व, लोककला, संगीत, रंगभूमी, नृत्य, चित्रपट, आणि भक्तिसंस्कृती. वाटणी व्यवस्थित आहे, व भक्तिसंस्कृतीस तीत स्वतंत्र स्थान मिळाले याचा आम्हांस आनंद वाटतो. परंतु काटेवाडीचे रिंगण यांपैकी कोणत्या कप्प्यात घालावयाचे? भक्तिसंस्कृतीत घातले तर पालखी सांभाळली जाईल. लोककलेत घातले तर देखावा सांभाळला जाईल. मेंढी मात्र दहांपैकी एकाही कप्प्यात मावत नाही. ती पशुसंवर्धनाकडे जाते, तिचे रान महसुलाकडे वा वनखात्याकडे जाते आणि तिचे पाणी पाटबंधाऱ्याकडे. मेंढी गेली तरी रिंगणास अनुदान मिळू शकेल! वर्षातून एक दिवस भाड्याने आणलेल्या मेंढ्या पालखीभोवती धावतील, छायाचित्रे निघतील आणि परंपरा ‘जतन’ झाल्याची नोंद होईल. ही आम्ही भविष्यवाणी करीत नाही. अशा धोरणाची स्वाभाविक परिणती कोठे होते, एवढेच दाखवीत आहो.

रस्त्याचीही गोष्ट अशीच आहे. पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बसवली गेली. वारकऱ्यांसाठी मार्गालगत स्वतंत्र पायवाट राखण्याचे त्या वेळी ठरले, ही विचारीपणाची गोष्ट होय. परंतु रस्ता रुंद करावयाचा तर कडेची जुनी झाडे जातात. नवी लावली जातात हे खरे; पण वडास विसावा देण्याजोगा विस्तार येण्यास एका माणसाचे अर्धे आयुष्य लागते. उन्हातान्हात चालणाऱ्या म्हातारीस त्या वडाची सावली ही वारीची अलंकारिक शोभा नव्हे. चालता येणे आणि न येणे यांतील तो भेद आहे. ज्या संताने झाडांस आप्त मानले, त्याच्या नावाचा रस्ता आखताना तरी हा प्रश्न सांस्कृतिक म्हणून विचारला जावयास हवा होता. रस्ते-खात्याने तो आपला मानला नाही, आणि संस्कृती-खात्यास तो विचारण्याचा अधिकार नाही.

संस्कृतीचे वास्तव्य नेमके कोठे असते, याचा धडा २०२० व २०२१ या दोन वर्षांनी दिला. साथीमुळे पायी वारी बंद राहिली आणि पादुका एस.टी.च्या बसने पंढरीस गेल्या. नेम चुकला नाही. पण सणसरचा मुक्काम झाला नाही, काटेवाडीच्या पायघड्या अंथरल्या गेल्या नाहीत. पादुका पोहोचल्या आणि वाट रिकामी राहिली. त्या परिस्थितीत दुसरे काही करणे योग्य नव्हते, हे उघड आहे. परंतु वारी म्हणजे देहू व पंढरपूर ही दोन टोके नसून मधली सारी गावे होत, हे त्या रिकाम्या वाटेने जितके स्पष्ट केले, तितके कोणत्याही ग्रंथाने केले नसते.

जगातील जाणत्यांनीही हा प्रश्न ओळखला आहे. १९८२ साली मेक्सिको येथे भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेने संस्कृतीची व्याख्या कलांपुरती न ठेवता जीवनपद्धती, मूल्ये व श्रद्धा यांपर्यंत विस्तारली. तरीही २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली, त्यांत संस्कृतीस स्वतंत्र उद्दिष्ट मिळाले नाही. वारसा जपण्याचा उल्लेख शहरांविषयीच्या अकराव्या उद्दिष्टात एका पोटकलमापुरता आला. मुंबईच्या मंत्रालयात जे घडते तेच थोरल्या प्रमाणावर न्यूयॉर्कलाही घडते, हे पाहून समाधान मानावे की खेद, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर कोणी म्हणेल की, शासन वारीसाठी पुष्कळ करीत आहे. ते आम्ही नाकारीत नाही. २०२४ साली प्रत्येक दिंडीस २०,००० रुपये देण्याची आणि वारीचा प्रस्ताव जागतिक वारशाच्या नामांकनासाठी युनेस्कोकडे पाठवण्याची घोषणा झाली. ‘निर्मल वारी’च्या उपक्रमाने मुक्कामाच्या गावांची घाण पुष्कळ कमी केली. किंबहुना शौचालयांची ही व्यवस्था आम्हांस नामांकनाहून अधिक सांस्कृतिक वाटते, कारण तिचा लाभ पाहुणा व यजमान दोघांसही होतो. त्याचबरोबर वारकऱ्यांच्या बाजूचा दोषही झाकणे योग्य नव्हे. सोहळा पुढे गेल्यावर मागे राहणाऱ्या पत्रावळी, प्लास्टिकचे पेले व पाण्याच्या बाटल्या पाहिल्या म्हणजे, परंपरा आहे एवढ्यावरून ती निसर्गास सोसते असे म्हणवत नाही. पूर्वी पळसाची पत्रावळ मातीत मिळून जाई. प्लास्टिकचा पेला पुढच्या आषाढीपर्यंत तेथेच असतो. अन्नदान करणाऱ्या पुण्यवंतांनी हा विचार स्वतःच करावा. त्यासाठी धोरणाची वाट पाहू नये.

आमची सूचना लहान आहे. सांस्कृतिक धोरणाने आणखी एक महोत्सव वा आणखी एक पुरस्कार वाढवण्याऐवजी इतर खात्यांच्या बैठकीत बसण्याचा हक्क मागावा. पालखीमार्गावर रस्ता आखताना, कालव्याची पाळी ठरवताना, गायरान दुसऱ्या कामास देताना कोणी तरी उठून विचारावे : या निर्णयाने येथील माणसांचा कोणता व्यवसाय मोडतो, आणि तो मोडल्यावर येथील कोणता सोहळा पोकळ होतो? उत्तर प्रतिकूल आले म्हणून प्रत्येक वेळी काम थांबवावे असे आमचे म्हणणे नाही. दुष्काळी मुलखास पाणी व रस्ता नको असे म्हणणारे आम्ही कोण? परंतु किंमत मोजावयाचीच असेल, तर ती जाणून मोजावी. मेंढपाळाने ती एकट्याने निमूटपणे मोजावी आणि आपण रिंगणास टाळ्या वाजवाव्यात, हे न्यायाचे नव्हे.

येत्या आषाढात पालखी पुन्हा सणसरास उतरेल. त्या रात्री ज्यांस तेथे जाणे घडेल, त्यांनी दर्शन अवश्य घ्यावे; आणि काटेवाडीवरून येताना रिंगणातील मेंढ्या कोणाच्या, त्या उरलेले वर्ष कोठे चरतात, एवढी चौकशी मात्र करून यावे. धोरणाची खरी समीक्षा त्या उत्तरात मिळेल.