यंत्राची आज्ञाधारकता

‘संगणक सांगितलें तेवढेंच करतो’ हें वाक्य आपल्याकडे आतां म्हणीसारखें रूढ झालें आहे. त्याचें मूळ आडा लव्हलेसबाईंनीं १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या टिपणांत सांपडतें. बॅबेजचें नियोजित यंत्र आपण होऊन कांहीं नवें निर्माण करण्याचा दावा करीत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तें खरें आहे; परंतु यंत्र काय करील हें आधींच कळतें, असा जो अर्थ त्यांतून काढण्यांत येतो, तो मात्र टिकत नाहीं.

देवळालीचे गणितज्ञ शिक्षक द. रा. कापरेकर यांनीं १९४९ सालीं मांडलेली रीत घ्या. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी, व उत्तरावर तीच क्रिया पुन्हां करावी. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४ येते. इतर संख्याहि फार तर सात पायऱ्यांत तेथेंच पोंचतात. नियम ठरलेला, शेवटहि ठाऊक. आतां दुसरा नियम पाहा : सम संख्या निम्मी करावी, विषम असल्यास तिप्पट करून एक मिळवावा. २६ ही संख्या दहा पायऱ्यांत १ वर येते. तिची शेजारीण २७ मात्र ९२३२ पर्यंत चढून १११ पायऱ्या घेते. प्रत्येक संख्या १ वर येतेच, हें अद्यापि कोणास सिद्ध करतां आलेलें नाहीं. नियम येथेंहि तितकाच ठरलेला आहे.

ॲलन ट्युरिंगनें १९५० सालीं ‘माइंड’मधील निबंधांत लव्हलेसबाईंना उत्तर दिलें कीं, यंत्रें आपणांस वारंवार चकित करतात. हें उत्तर आम्हांस लंगडें वाटतें; चकित होणें हा पाहणाऱ्याचा धर्म. त्याच निबंधांतील मँचेस्टरच्या यंत्राचा दाखला अधिक वजनदार आहे. सोळा अंकी संख्येस दुसऱ्या संख्येनें उत्तर देणारी एक लहानशी आज्ञावली त्यानें रचली, आणि उत्तरें पाहून पुढचें उत्तर सांगावें असें आव्हान दिलें.

हा वाद केवळ पुस्तकी नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत ताडोब्याच्या सीमेवरील सीतारामपेठ येथें २०२३ सालीं कॅमेरे व संगणक यांचा पहारा बसविण्यांत आला. वाघ ओळखला गेला कीं गांवाला इशारा जातो. अशी आज्ञावली उदाहरणांवरून शिकविलेली असते. धुकें, बांबूची सावली, झुडपाआड अर्धी दिसणारी पाठ, असें नवें चित्र समोर आलें असतां ती काय ठरवील, हें तिच्या आज्ञाधारकतेवरून सांगतां येत नाहीं. आणि चुकीची किंमत पहाटे मोहफुलें वेंचावयास निघालेल्या माणसाला द्यावी लागते.

कापरेकरांच्या रीतीवर आपला विश्वास बसतो, तो चार अंकी सर्व संख्या तपासून पाहतां येतात म्हणून. रानांतील सर्व चित्रें तशीं तपासतां येत नाहींत. तेव्हां त्याच रानांत, प्रत्येक ऋतूंत, किती वाघ नजरेंतून सुटले याचा हिशेब ठेवूनच यंत्राला पत द्यावी. आणि इशारा आला नाहीं म्हणजे वाघ नाहीं, असें कोणी समजूं नये.