परदेशी आणि तटस्थ

मराठीत 'परदेशी' म्हणजे केवळ दुसऱ्या देशाचा रहिवासी नव्हे. ज्याला आसरा नाही, ज्याच्या पाठीशी कोणी नाही, तोही परदेशीच. ख्रिस्तोफर इशरवुड याचे 'गुडबाय टु बर्लिन' (१९३९) वाचताना मराठी वाचकाला हा अर्थ बाजूस ठेवावा लागतो. कारण १९३० ते १९३३ या काळात पेटत चाललेल्या त्या नगरात परदेशी निवेदक हाच काय तो निर्धास्त आहे. इंग्रजीच्या शिकवण्यांवर तो पोट भरतो, भाड्याच्या खोलीत राहतो. परंतु त्याच्यापाशी ब्रिटिश पारपत्र आहे. दंगल त्याच्या खिडकीखालून जाते, जिना चढून येत नाही.

पहिल्याच पानावर निवेदक स्वतःला कॅमेऱ्याची उपमा देतो, आणि तीवरून त्याच्या तटस्थतेचे पुष्कळ कौतुक झाले आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. ज्यांना तटच उरला नाही, त्यांचे काय होते, हे घरमालकीण श्रोडरबाईंच्या चित्रणात दिसते. नोव्हेंबरात कम्युनिस्टांना मत देणारी ही बाई पुढे फ्यूररचे नाव आदराने घेऊ लागते. निवेदक तिला दोष देत नाही, आणि ते योग्यच आहे. तिला त्याच घरात राहावयाचे होते.

नाटक-चित्रपटांनी सॅली बोल्स हिला जगप्रसिद्ध केले. पण पुस्तकाचा कस लागतो तो 'द लँडॉवर्स' या प्रकरणात. त्याचा आरंभच अर्थपूर्ण आहे. ऑक्टोबर १९३० मध्ये गुंडांची टोळी लाइपझिगर रस्त्यावरील ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडते. बरे झाले, असे एक सहभाडेकरू बाई म्हणते. आणि तेवढ्यावरून निवेदकाला आपल्यापाशी एका ज्यू कुटुंबाच्या नावे परिचयपत्र असल्याचे स्मरते. दुसऱ्याच्या घरावर आलेले संकट येथे ओळखीचे निमित्त ठरते. इशरवुडने हे लपविलेले नाही.

त्या कुटुंबातील बर्नहार्ड हा मोठ्या पेढीचा चालक: सुसंस्कृत, थकलेला, पौर्वात्य मूर्तींच्या सहवासात रमणारा. धमकीची पत्रे आली की तो ती निवेदकाला दाखवितो. पोलिसांकडे जा, असे निवेदक सुचवितो. पोलीस आपले आहेत असे मानणाऱ्या देशातून आलेल्या माणसाचाच हा सल्ला! १९३३ साली निवेदक जर्मनीबाहेर पडतो, आणि प्रागमधील एका उपाहारगृहात, शेजारच्या मेजावरील दोघांच्या गप्पांतून, बर्नहार्ड मेल्याचे त्याला कळते. कारण हृदयक्रिया बंद पडल्याचे सांगितले जाते. ऐकणाऱ्यांना खरे काय ते ठाऊक असते.

प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे, पण घडलेला नाही. बर्नहार्डचे मूळ असलेला विल्फ्रिड इझ्राएल १९३३ मध्ये मेला नाही. लंडनमध्ये जन्मल्यामुळे ब्रिटिश पारपत्र त्याच्यापाशीही होते; तरी तो १९३९ पर्यंत बर्लिनमध्ये राहिला, पेढीतील ज्यू नोकरांना देशाबाहेर पडण्यास साह्य करीत राहिला, आणि ज्यू मुलांना इंग्लंडला पोचविणाऱ्या योजनेचा एक प्रमुख आधार झाला. १ जून १९४३ रोजी लिस्बनहून इंग्लंडला जाणारे त्याचे विमान जर्मन विमानांनी पाडले. इशरवुडनेही पुढे 'ख्रिस्तोफर अँड हिज काइंड' (१९७६) या आत्मकथनात खऱ्या विल्फ्रिडविषयी लिहिले.

कादंबरीकाराने वास्तवाला बांधून घ्यावे, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय विल्फ्रिडचे काम गुप्तपणे चालले होते, आणि त्यातले बरेचसे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा नुकतेच घडत होते. आक्षेप मृत्यूच्या कल्पनेवर नाही. थकव्यावरून मृत्यूकडे इतक्या सहज जाण्यावर आहे. परदेशी माणूस शहर सोडतो तेव्हा त्याची गोष्ट संपते, आणि मागे राहिलेल्यांचीही संपली असे त्याला वाटू लागते. बळी म्हणून बर्नहार्ड त्याला कळला. टिकून राहणारा, धूर्तपणे झुंजणारा बर्नहार्ड त्याला सुचलाच नाही.

तरीही या पुस्तकाला स्वतःच्या दृष्टीविषयी थोडी शंका आहे, आणि तीच त्याला वाचविते. शेवटच्या भेटीत बर्नहार्ड विचारतो, पेकिंगला येता का? अट एकच, आज रात्रीच निघायचे. निवेदक ती थट्टा समजून हसण्यावारी नेतो आणि निरोप घेतो. बर्नहार्ड मनापासून विचारीत होता, हे त्याला उमगते ते फार पुढे.