पडद्यावरील शासनमराठी : संगणकीय सूचनांची भाषा आणि तिची जबाबदारी

संगणक वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील सूचना व्यावसायिक स्वरात असाव्यात, हे सर्वमान्य आहे. परंतु मराठीत तो स्वर नेमका कोणता, याचा विचार क्वचितच होतो. मोखाडा तालुक्यातील खोडाळ्यासारख्या गावातून पाहिले असता हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने गाव नमुना 12 मधील पीकनोंद शेतकऱ्याच्या हाती दिली. भात, नागली वा वरई पिकविणारा शेतकरी गट क्रमांक निवडतो, क्षेत्र भरतो, पिकाचे छायाचित्र काढतो. पूर्वी शंका तलाठ्यास विचारली जाई. आता प्रथम उत्तर देतो तो पडदा. त्यामुळे पडद्यावरील वाक्य हे शासनाचेच बोलणे ठरते.

या कसोटीवर दोन प्रचलित शैली अपुऱ्या पडतात. पहिली कार्यालयीन. 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने मराठीला प्रशासकीय परिभाषा दिली, हे ऋण मोठे आहे. मात्र परिभाषा आणि संभाषण यांत अंतर आहे. ‘इनव्हॅलिड’साठी रूढ झालेला ‘अवैध’ हा शब्द पाहावा. यंत्रास केवळ ‘आकडा जुळत नाही’ एवढेच सांगायचे असते. वाचकाच्या कानी मात्र अवैध दारू, अवैध वाळूउपसा हेच संदर्भ असतात. वनहक्काच्या जमिनीवर कसणाऱ्यास तो आपल्या हक्काविरुद्धचा निर्णयही वाटू शकेल. ‘विनंती नाकारण्यात आली आहे’ या रचनेत तर कोणी नाकारली आणि का, हे दोन्ही लपते.

दुसरी शैली सलगीची. ‘अरेरे! काहीतरी चुकलं’ हे वाक्य करमणुकीच्या साधनात खपते. नुकसानभरपाईसाठी ज्या नोंदीचा आधार घेतला जातो, तेथे ते थट्टेसारखे वाटते. प्रत्येक वाक्यास ‘कृपया’ जोडल्यानेही उणीव भरून निघत नाही. ‘भरा’, ‘निवडा’ या रूपांत आदर मुळातच आहे.

‘गट क्रमांक सातबाऱ्याशी जुळत नाही. तपासून पुन्हा भरा.’ या सूचनेत सातबारा, गट हे परिचित शब्द कायम आहेत, दोषारोप नाही आणि पुढील कृती स्पष्ट आहे. वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांच्या या परिसरात प्रमाण मराठी ही अनेकांची घरची बोली नाही. दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखविल्यावर ऐकणाऱ्यास पुढे काय करावे हे कळले, तरच ती सूचना व्यावसायिक म्हणता येईल.